न वाळणारं निळं दार

बोडीटोला हे गाव साकोलीच्या पुढं, मोठी सडक सोडून तलावाच्या पाळीनं चालत गेलं की लागतं. पाळीखाली धानाच्या बांध्या, बांध्यांच्या धुऱ्यावर मोहाची झाडं आणि मोहाआडून डोकावणारी, मातीच्या कवेलूंनी शाकारलेली घरं. गावात शिरताच डाव्या हाताला पहिलं घर मनकर्णाबाईचं. तिच्याबद्दल सांगायचं तर दारापासूनच सांगावं लागतं, कारण त्या दारासाठी ती एकदा साऱ्या गावासमोर उभी राहिली होती.

तिचं माहेर कारध्याचं, वैनगंगेच्या काठचं. नदीकाठच्या मुली मोठ्यानं बोलतात, असं आमच्याकडं म्हणतात, कारण त्यांना पलीकडच्या काठाला हाक मारायची सवय असते. मनकर्णा लग्न होऊन आली तेव्हा तिची हाक ऐकून सासरा म्हणाला होता, "या पोरीले बांधीवर पाठवा, घरात कवेलू फुटतीन." तो हसत म्हणाला आणि तीही हसली, आवाज मात्र तिनं कमी केला नाही. रोवणीच्या दिवसांत बायांची रांग चिखलात मागं मागं सरकत जाते, एकीची ओळ इकडं कलते, एकीची तिकडं. मनकर्णाची ओळ दोरी लावल्यासारखी जायची. धान वर आलं की लोक धुऱ्यावरून बोट दाखवून सांगायचे, ही टेकचंदच्या बायकोची.

टेकचंद तिचा नवरा. अबोल माणूस. दोघांचं मिळून जेवढं बोलणं व्हायचं ते सारं तीच बोलायची. बाप गेल्यावर भावाभावांत घराचे हिस्से पडले तेव्हा थोरला म्हणून पुढचा भाग टेकचंदला मिळाला, सडकेकडं उघडणाऱ्या दारासकट. धाकट्या भैय्याजीला मागचा भाग, विहीर आणि गल्लीकडची वाट मिळाली. पण भैय्याजी लहानपणापासून पुढच्या दारानं येणारा-जाणारा. हिस्से झाले तरी त्याचे पाय तिकडूनच पडत राहिले. टेकचंदनं कधी हटकलं नाही.

मग टेकचंद काविळीनं गेला. आणीबाणी उठून तेव्हा वर्ष झालं असेल. एकुलती मुलगी सत्यभामा तुमसरला दिलेली. पुढच्या घरात मनकर्णाबाई एकटी राहिली.

भैय्याजी वाईट माणूस नव्हता. बैलांना पाणी दाखवल्याशिवाय स्वतः जेवत नसे. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती की घराच्या पुढच्या अंगाला गडीमाणूस हवा. वर्षश्राद्ध आटोपलं तसा तो एका सकाळी येऊन खाटेच्या काठावर बसला.

"वहिनी, मागची सपरी मीनं सारवून घेतली. चूल बी मांडून देतो. तुमी तिकडं या, आमी इकडं येतो. दारात कोनी यावं-जावं, तर गडीमानूस पायजे ना जी."

"सपरी चांगली हाये का?"

"चांगली हाये. थंडगार."

"मंग तुमीच राहा तिथं," मनकर्णाबाई म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

भैय्याजी उठून गेला. पण विषय संपला नाही. तो दर आठवड्याला वेगळ्या वाटेनं परत यायचा.

आता दाराविषयी. जुन्या सागाचं, दोन कवाडांचं भारी दार. सासऱ्याच्याही बापानं बसवलेलं. आमच्याकडं दसऱ्याच्या आधी लाकडी दाराला टोळीचं तेल चोळतात. टोळी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. हे तेल चोळलं की उधई लागत नाही, असा सगळ्यांचा भरवसा. पिढ्यान्‌पिढ्या तेल पिऊन ते दार काळंभोर झालं होतं. आणि तेलाचा एक नेम होता. ते अहेव बाईनंच चोळायचं, जिच्या कपाळाला कुंकू आहे तिनं. सासू गेल्यावर हे काम मनकर्णाबाईचं झालं होतं. हातात चिंधी घेऊन ती दाराला अशी घासायची की तिचं तोंड त्यात दिसावं. टेकचंद गेल्यानंतरच्या दसऱ्याला तिची धाकटी जाऊ, भैय्याजीची बायको ललिताबाई, तेलाची वाटी घेऊन आली. खाली मान घालून तिनं तेल चोळलं. मनकर्णाबाई आत उभी राहून स्वतःच्या दाराला दुसऱ्याचा हात फिरताना बघत होती. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. ललिताबाई वाटी घेऊन गेली आणि मनकर्णाबाई उंबऱ्यावर बसून विचार करू लागली.

तिचा विचार साधा होता. तेलाला नेम आहे. रंगाला कोणता नेम आहे? गावात एकाही दाराला ऑइलपेंट लागलेला नव्हता. साकोलीच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलाचं दार तिनं निळं चकचकीत पाहिलं होतं. जी गोष्ट गावात आलीच नाही तिला अहेव काय आणि विधवा काय?

दिवाळीच्या आधी तिनं सुतार घनश्यामला बोलावलं. डाव्या कवाडाची खालची पट्टी उधईनं पोखरली होती, तेल पिऊनसुद्धा. ती काढून त्यानं नव्या सागाची पट्टी बसवली. मनकर्णाबाई बसनं साकोलीला गेली आणि धनीराम दुकानदाराकडून निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आली. दार कोरड्या फडक्यानं पुसलं, डबा काडीनं ढवळला आणि डावं कवाड वरपासून खालपर्यंत रंगवून काढलं. उजवं दुसऱ्या दिवशी करू म्हणाली.

काय तो रंग होता. तलावात उन्हाळ्याच्या तोंडी दिसतं तसं आभाळ. काळ्या घरांच्या रांगेत एक कवाड निळं. गावात येणारा प्रत्येक माणूस थबकायचा. आणि मनकर्णाबाई ओसरीवर मुद्दाम बसून राहायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बोट लावलं. रंग बोटाला आला. थंडी आहे, म्हणाली, वाळेल. पण दोन-तीन दिवस ऊन खाऊनही दार गुळाच्या पाकासारखंच राहिलं. हलक्या धानाची मळणी सुरू होती, गावभर भुसा उडत होता, तो येऊन दारावर बसला. चिलटं बसली ती तिथंच मेली. शेजारच्या शकुनबाईचं कोंबडं उडी मारताना दाराला घासलं आणि आठवडाभर एका बाजूनं निळं हिंडत राहिलं.

"कोंबडा बी रंगवला का वो?" शकुनबाई कुंपणावरून म्हणाली.

"उरला होता थोडा," मनकर्णाबाई म्हणाली. "तुले लावू का?"

गाव हसलं. ती पण हसली. पण रात्री दार लावताना कडी धरली की हाताला निळं लागायचं, आणि ते मातीच्या तेलानं, म्हणजे रॉकेलनं, पुसताना तिला हसू येत नव्हतं.

तिला वाटलं रंगच खोटा. डबा बगलेत मारून ती पुन्हा साकोलीला गेली.

"धनीराम, हा काय रंग दिला? माशा धरून राहिला."

धनीरामनं डबा उघडून पाहिला, वास घेतला. मग तिला दुकानाच्या बाजूला नेलं. "बाई, हे पाहा. त्याच दिवशी, त्याच खोक्यातला डबा. ही फळी मीनं रंगवली. लावा हात."

तिनं हात लावला. फळी काचेसारखी कोरडी होती. नखानं खरवडलं तरी निघाली नाही.

"मंग माझं काहून नाही वाळून राहिलं?"

"ते मले कसं माहीत, बाई? रंगात खोट नाही, एवढं सांगतो."

बसमध्ये खिडकीशी बसून ती परत आली. भांडायला गेली होती आणि भांडण रिकामं झालं होतं. रंग चांगला, ऊन चांगलं, मग उरलं काय, हे गावातली कुणीही बाई सांगू शकली असती. आणि तसंच झालं. धनीरामची फळी गावातल्या आणखी कुणीतरी पाहिली, बातमी तिच्याआधी घरी पोचली. पाणवठ्यावर बोललं जाऊ लागलं की दारानं तिचा हात घेतला नाही. अहेव हातानं तेल पिणारं दार ते, विधवेच्या हातचा रंग कसा धरेल?

भैय्याजी आला तो उभ्यानंच बोलला.

"वहिनी, मी असं काही मानत नाही. पन लोक बोलून राहिले. चार दिवसांनी मंडई आहे. पाव्हने येतीन, जावई येतीन. दारावर भुसा न् माशा. घरानं सांगून दिलं ना जी आता. हे दार ललिताच्या हातानं नीट करून घेऊ. तुमी मागं या. मंडईच्या दिवशी पंच बसतीन आपल्याकडं, त्यांच्यासमोर होऊन जाऊ दे."

मनकर्णाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. हात मागं घ्यावा असं क्षणभर वाटलं. जो हात चिखलात सरळ ओळी ओढत आला तोच हात तिला परका वाटला. मग तिला राग आला, आणि रागानं ती पुन्हा जागेवर आली.

"उजवं कवाड अजून कोरं आहे," ती म्हणाली. "डब्यात रंग आहे. ललिताले पाठवा. तिचा हात वाळला तर मी माझी गाठोडी उचलतो न् सपरीत जातो. नाही वाळला तर?"

"वाळंनच ना जी."

"नाही वाळला तर, मीनं इचारलं."

"मंग तुमचं दार तुमाले," भैय्याजी म्हणाला. त्याला त्यात काही धोका दिसला नाही.

ललिताबाईला यात यायचं नव्हतं. ती घाबरट बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण नवऱ्यानं सांगितलं, चार बाया बघायला जमल्या, तेव्हा आली. कपाळभर कुंकू, हातात हिरवा चुडा. दाराला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि उजवं कवाड रंगवायला घेतलं. रंग चांगला बसला. मनकर्णाबाईनं तिच्यासाठी डबा धरून ठेवला.

दोन दिवस भैय्याजी येता-जाता उजव्या कवाडाकडं बघायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं बोट लावलं आणि गपचूप धोतराला पुसलं. धोतर निळं झालं.

मनकर्णाबाईनं ते आतून पाहिलं. तिला वाटलं होतं या क्षणी आपल्याला फार आनंद होईल. झालाही. ती चुलीपुढं बसून एकटीच हसली. पण त्याच संध्याकाळी ललिताबाई मागच्या वाटेनं आली आणि तिच्या पायाशी मटकन बसली.

"बाई, बाया आता माह्याबद्दल बोलून राहिल्या. म्हनतात, इच्या हाताले बी काही आहे. म्हनतात, भैय्याजीनं दवाखान्यात दाखवून घ्यावं. बाई, यायले काही होईन का जी?"

ती रडत होती. मनकर्णाबाईचं हसू तिथंच थांबलं. तिच्या ध्यानात आलं की ती हरली तर एकटी हरणार होती, पण अशी जिंकली तर ही बाई रोज रात्री नवऱ्याचा श्वास मोजत झोपणार होती. गावाचं बोलणं कुणाच्या तरी अंगावर पडल्याशिवाय राहत नव्हतं. आज हिच्या, उद्या आणखी कुणाच्या.

"डोळे पूस," ती म्हणाली. "हातात काही नसते. चाल, मले दार पाहू दे."

दोघी पुढं आल्या. उन्हं कलत होती आणि तिरपा उजेड दारावर पडला होता. मनकर्णाबाईनं केरसुणी घेऊन डाव्या कवाडावरचा भुसा झटकायला सुरुवात केली. वरचा भुसा हलेना. केरसुणी खाली आली तसा सगळ्यात खालच्या पट्टीवरचा भुसा झरझर गळून पडला. तिनं पुन्हा वर झटकलं, पुन्हा खाली. मग ती उकिडवी बसली आणि पट्टीवर तळवा टेकवला.

कोरडी. धनीरामच्या फळीसारखी कोरडी.

"ललिता, हात लाव येथी."

ललिताबाईनं लावला. "वाळली जी."

"ही माह्याच हातची आहे. त्याच दिवशीची."

मनकर्णाबाईनं मग वरचा चिकट रंग बोटावर घेतला आणि नाकाजवळ नेला. निळ्या रंगाच्या आडून एक ओळखीचा, कडवट, जड वास आला. दसऱ्याच्या वाटीचा. तिनं बोट ललिताबाईच्या नाकाशी धरलं.

"टोळी," ललिताबाई म्हणाली.

खालची पट्टी घनश्यामनं दसरा झाल्यावर बसवली होती. तिनं तेलाचा एक थेंबही पाहिला नव्हता. बाकीचं दार आज्या-पणज्यांपासून तेल पीत आलेलं, आणि यंदाचं तेल तर अजून अंगात ओलं होतं. ऊन लागलं की ते तेल वर यायचं, रंगाला भेटायचं आणि त्याला वाळू द्यायचं नाही. कुणाच्या हाताचा काय संबंध? आणि संबंध लावायचाच तर इतका लागत होता की अहेव हातांनीच त्या दाराला इतकं तेल पाजलं होतं. त्यांत तिचेही हात होते, सासूचेही, ललिताचेही.

भैय्याजीला तिनं तिथंच हाक मारली. पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशी हाक. तो आला, मागोमाग शकुनबाई आली, आणखी दोघं-चौघं आले. तिनं भुसा झटकून दाखवला, पट्टीला हात लावायला लावला, बोटाचा वास दिला.

भैय्याजी बराच वेळ पट्टी दाबत राहिला. "असं असंन बी," तो म्हणाला. "पन उद्या मंडई आहे, वहिनी. दार तर तसंच आहे ना. पाव्हन्याले काय सांगाचं? हे सारं वास घेऊन दाखवाचं का? मंडई होईस्तोवर तरी तुमी मागं राहा. मंग पाहू."

हे "मंग पाहू" तिला चांगलं माहीत होतं. मागं गेलेला माणूस मागंच राहतो. मंडईत एकदा पाहुण्यांनी भैय्याजीला पुढच्या ओसरीवर बसलेलं पाहिलं की घर त्याचं झालं.

"उद्याच होईन काय ते," मनकर्णाबाई म्हणाली.

मंडई म्हणजे आमच्याकडं दिवाळीनंतरचा मोठा दिवस. प्रत्येक गावाची आपली तारीख असते. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, घरोघरी बडे, म्हणजे वडे, तळले जातात, सडकेवर गोडाची दुकानं लागतात आणि रात्री दंडारीचा खेळ होतो. त्या दिवशी कुणी काम काढत नाही. पाहुणे गावात शिरू लागले तेव्हा त्यांना पहिल्याच घराला दार दिसलं नाही.

दोन्ही कवाडं चुळीतून, त्यांच्या फिरायच्या खोबणीतून, काढून सडकेच्या कडेला, उन्हात, धानाच्या तणशीवर आडवी टाकली होती. बाजूला तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचा गंज खळखळत होता. त्यात चुलीची राख आणि कपडे धुण्याचा सोडा. मनकर्णाबाईनं पदर खोचला होता. विळ्याच्या पाठीनं ती रंग खरवडत होती, त्यावर कढत पाणी ओतत होती, नारळाच्या शेंडीनं घासत होती. पाणी आधी निळं वाहिलं, मग तपकिरी, मग काळं. काळ्या पाण्यावर तेलाचे तवंग फिरत होते.

"हे काय गा? दार धुऊन राहिली का ही?" एक पाहुणा दुसऱ्याला म्हणाला.

"हो जी," मनकर्णाबाईनंच उत्तर दिलं. "तेल लय पेलं होतं यानं. या, बसा आत. आज धक्का द्याची गरज नाही."

भैय्याजी नवं धोतर नेसून मागच्या गल्लीतून आला. सडकेवर लोक थांबलेले, पंचातले लक्ष्मणरावही त्यांत. त्याला कुठं बघावं कळेना.

"वहिनी, आजच्या दिवशी? लोक काय म्हनतीन? बाईमानसाचं उघडं घर."

"उघडंच आहे. काय चोरतीन, ते येऊन पाहा म्हनाव." तिनं हात थांबवला नाही. "तुमी म्हनाले होते, नाही वाळला तर दार माहं. लक्ष्मणरावजी इथंच हायेत. त्यायच्यापुढं सांगा, वाळला का ललिताच्या हातचा?"

लक्ष्मणरावांनी भैय्याजीकडं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. भैय्याजी खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे त्याचं भाग्य म्हणा की अडचण.

"नाही वाळला," तो म्हणाला.

"कोनाचा वाळला?"

"तुमचा. खालची पट्टी."

"ते बी हाताचं नाही," मनकर्णाबाई म्हणाली. "ते लाकडाचं. पन तुमी हाताचंच धरून बसले तर मंग माहा हात बरा निघाला."

कुणीतरी हसलं. आणि मग मागच्या वाटेनं ललिताबाई आली. नव्या लुगड्यावर तिनं जुनी ओढणी बांधली होती. कुणाला काही न विचारता तिनं दुसरा विळा उचलला आणि उजव्या कवाडापाशी बसली, जे तिनं रंगवलं होतं. तिचा चुडा लाकडावर वाजत होता.

"ललिता, तू काहून?" भैय्याजी म्हणाला.

"तेल मीच लावलं होतं ना," ती म्हणाली, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्याच्याकडं न बघता बोलली.

तुमसरहून सत्यभामा आणि जावई दुपारी पोचले ते थेट घरात गेले, कारण अडवायला दारच नव्हतं. त्यांच्यामागून इतर पाहुण्या बाया शिरल्या. बडे मागच्या चुलीवर तळून पुढं आले. त्या दिवशी साऱ्या मंडईत सर्वांत भरलेली ओसरी मनकर्णाबाईची होती. भैय्याजीचे सोयरे आले तेव्हा त्यालाही त्यांना तिथंच आणावं लागलं. "हे वहिनीचं घर," तो त्यांना म्हणाला, आणि पाट शोधायला आत गेला.

कवाडं त्यानंतर कितीतरी दिवस उन्हात पडून होती. दोघी जावांनी ती पुन्हा पुन्हा धुतली, जोवर पाणी स्वच्छ वाहू लागलं आणि लाकूड आतून पिवळसर, कोऱ्या अंगाचं दिसू लागलं. तोवर मनकर्णाबाई दारावर बांबूच्या तट्ट्या लावून झोपली. भैय्याजीचा मुलगा बाहेर निजायला यायला तयार होता, तिनं नको म्हटलं. मग दार चुळीत बसलं आणि तिनं पुन्हा रंग लावला. डावंही तिनंच, उजवंही तिनंच. ललिताबाईनं त्यावर रंगाचा दुसरा हात दिला. त्या साली कुणी हळदकुंकू वाहिलं नाही, आणि पुढच्या दसऱ्याला कुणी वाटी घेऊन आलं नाही.

तिनं त्या घरात एकटीनं बरीच वर्षं काढली. टीव्ही गावात आला तो आधी तिच्या ओसरीवर लागला. रोवणीला ती गुडघे दुखेस्तोवर गेली. दार दोनदा नव्यानं रंगवलं, दोन्ही वेळा निळंच.

पण दार धुऊन रंगवलं त्या खेपेची एक गोष्ट सांगायची राहिली. रंग लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई आत चूल पेटवत होती. दाराशी पावलं वाजली आणि थांबली. फटीतून तिला भैय्याजीचं धोतर दिसलं. त्यानं इकडं-तिकडं पाहिलं, कवाडावर बोट दाबलं, मग सगळा तळवा टेकवला, आणि तळवा उलटून बघितला.

"वाळला का जी?" तिनं आतून विचारलं.

तो दचकला. मग म्हणाला, "वाळला."

"मंग आता कडी वाजवून येत जा, भाऊजी."

बाहेर पावलं मागं सरकली. मग कडी वाजली.